हनुवटी किती उचलायची?

समोर दिसतोय तो सायनसचा एक्स-रे, वॉटर्स व्ह्यू, म्हणजे हनुवटी उचलून घेतलेला. गालांमागच्या दोन काळ्या पोकळ्या म्हणजे मॅक्झिलरी सायनस. उजव्या बाजूच्या पोकळीत तळाशी पांढरट भाग आणि त्यावर सरळ आडवी रेघ आहे. आत द्रव साचल्याची ही खूण.

ही रेघ टिपायची तर रुग्ण बसलेला किंवा उभा हवा आणि किरण जमिनीला समांतर. झोपवून वरून किरण सोडला, तर द्रव मागे पसरतो आणि अख्खी पोकळी नुसती धुरकट दिसते. रुग्ण झोपलेला असेल, तर उठवून बसवल्यावर द्रव खाली उतरायला काही मिनिटं द्यायची. किरण आडवाच ठेवायचा, म्हणून इथे कोन साधायचा तो मानेनं. एक्स-रे ट्यूब तिरकी करायची नाही.

चष्मा, कानातलं, नाकातलं, हेअरपिना, काढता येणारी कवळी आधी काढून ठेवायची. ट्यूब १०० सेंटिमीटरवर. साधारण ७० ते ८० केव्ही (ट्यूबचा दाब, किलोव्होल्टमध्ये). किरणांची चौकट सायनसपुरती आवळायची. हे सगळं आधीच लावून ठेवा, कारण मान मागे टाकून थांबणं कोणालाही फार वेळ जमत नाही.

आता रुग्णाचं तोंड बकीकडे, म्हणजे चित्र टिपणारा डिटेक्टर बसवलेल्या स्टँडकडे. हनुवटी बकीला टेकलेली, नाक किंचित दूर. डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि कानाचं छिद्र जोडणारी रेषा डिटेक्टरशी ३७ अंशांचा कोन करते. नाक एक-दोन सेंटिमीटर दूर ठेवा, असंही सांगतात; पण नाकं सारखी नसतात, तेव्हा भरवसा कोनावरच ठेवावा. किरण डोक्यामागून शिरून नाकाच्या बुडाशी, वरच्या ओठाच्या वर, बाहेर पडतो. श्वास रोखा... एक्स्पोजर.

हा दुसरा एक्स-रे. हनुवटी कमी उचलली गेली आणि कानाजवळच्या पेट्रस हाडाची दाट सावली सायनसच्या तळावर आली. द्रव नेमका तिथेच साचतो, म्हणजे हवं तेच झाकलं गेलं. चांगल्या चित्रात ही सावली सायनसच्या लगेच खाली असते. हनुवटी जास्त उचलली, तर पोकळ्या आखूड, चेपल्यासारख्या दिसतात.

डोकं वळलंय का, तेही बघायचं: डोळ्याच्या खोबणीची बाहेरची कड आणि कवटीची कड यांतलं अंतर दोन्हीकडे सारखं हवं.

नाकाच्या मागे खोल असलेला स्फेनॉइड सायनस बघायचा असेल, तर याच स्थितीत तोंड उघडायला सांगतात. तोंड उघडताना डोकं हमखास हलतं. कोन पुन्हा तपासा.

मानेला दुखापत झाल्याची शंका असेल, तर मान मागे न्यायचीच नाही. थांबा आणि डॉक्टरांना कळवा.