यिर्मयाच्या आजूबाजूची माणसे

सन 1982. जेरुसलेममधल्या दावीदनगर या सर्वांत जुन्या भागाच्या पूर्व उतारावर यिगाल शिलोह यांचे पथक खोदकाम करत होते. एका घराच्या जमिनीवर, राखेच्या थरात, त्यांना मातीचे चपटे गोळे सापडू लागले. बोटाच्या पेराहूनही लहान. मोजले तेव्हा 51 भरले.

हे शिक्के होते. त्या काळी दस्तऐवज पपायरसवर लिहीत, गुंडाळून दोरीने बांधत, गाठीवर ओल्या मातीचा गोळा बसवत आणि त्यावर मुद्रा दाबत. इ.स.पू. 586 मध्ये बॅबिलोनच्या सैन्याने शहर पेटवले, तेव्हा आतले दस्तऐवज जळून गेले. शिक्के त्याच आगीत विटांसारखे भाजून निघाले आणि टिकले. त्यांतल्या एकावर जुन्या हिब्रू लिपीत लिहिले आहे: गमऱ्याहू, शाफानचा मुलगा.

बायबल वाचणाऱ्याला हे नाव ओळखीचे आहे. संदेष्टा यिर्मया याच्या पुस्तकातला 36वा अध्याय पाहा. यिर्मयाला मंदिरात जायला बंदी आहे. तो आपली वचने लेखनिक बारूखला सांगतो, बारूख ती लिहून घेतो आणि उपासाच्या दिवशी मंदिरातल्या एका खोलीत उभा राहून लोकांना वाचून दाखवतो. ती खोली शाफानचा मुलगा गमऱ्या याची. बातमी राजवाड्यात पोचते. हिवाळ्याचे दिवस, राजा यहोयाकीम शेगडीसमोर बसलेला. तीन-चार रकाने वाचून झाले की तो लेखनिकाच्या चाकूने तेवढा भाग कापतो आणि विस्तवात टाकतो. असे करत सगळी गुंडाळी संपते. जाळू नका, अशी विनवणी करणारे तिघेच. त्यांतला एक गमऱ्या.

मग हा शिक्का त्या प्रसंगाचा पुरावा झाला का?

इथे घाई करून चालत नाही. नाव जुळते, बापाचे नाव जुळते, काळ आणि ठिकाणही जुळते. शिक्का शास्त्रीय उत्खननात, शहराच्या विध्वंसाच्या थरात मिळाला आहे. शिक्क्यावर हुद्दा नसला तरी पुस्तकातला गमऱ्या तो हाच, असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि मलाही ते पटते. पण शेगडी, चाकू, ती विनवणी, यांबद्दल शिक्का काही सांगत नाही. माणूस होता एवढे तो सांगतो. माणसाने त्या दिवशी काय केले हे सांगणारे अजूनही एकच पुस्तक आहे.

त्या दिवशीच्या उपासाबद्दल मात्र दुसरीकडून साक्ष मिळते. उपास कशासाठी ठेवला, हे अध्यायात कुठेच लिहिलेले नाही. फक्त महिना दिला आहे: यहोयाकीमच्या पाचव्या वर्षाचा नववा महिना, म्हणजे किसलेव. ब्रिटिश म्युझियममध्ये बॅबिलोनच्या राजांच्या मोहिमांची नोंद असलेली मातीची पाटी आहे. डोनाल्ड वाइझमन यांनी ती 1956 मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात इ.स.पू. 604 च्या किसलेव महिन्यात बॅबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याने समुद्रकाठचे अश्कलोन शहर घेतल्याची नोंद आहे. अश्कलोनच्या उत्खननात त्या विध्वंसाची राखही मिळाली. बहुतेकांच्या हिशेबाने महिना तोच, वर्षही तेच. शेजारचे शहर पडत असताना जेरुसलेम उपास करत होते. बायबलने महिना जपला, कारण सांगितले नाही; पाटीला यिर्मया माहीत नव्हता, पण कारण तिच्यात होते. दोन नोंदी एकमेकींची ओळख नसताना अशा जुळतात, तेव्हा त्यांचे वजन शिक्क्यावरच्या एका नावापेक्षा जास्त धरावे लागते.

गमऱ्या यिर्मयाच्या बाजूचा होता. आता विरोधकांकडे वळू. 38व्या अध्यायात काही अधिकारी राजा सिद्कीयाकडे तक्रार घेऊन जातात: हा माणूस सैनिकांचे धैर्य खचवतो आहे, याला मारून टाका. आणि ते यिर्मयाला दोरांनी एका टाक्यात सोडतात. टाक्यात पाणी नसते, चिखल असतो. तो त्यात रुततो. तक्रार करणाऱ्यांत शलेम्याचा मुलगा युकाल आहे आणि पशहूरचा मुलगा गदल्या आहे. पुरातत्त्वज्ञ एलात मझार यांच्या दावीदनगरातल्या उत्खननात 2005 मध्ये ‘यहुकाल, शलेम्याहूचा मुलगा, शोवीचा नातू’ असा शिक्का मिळाला. 2008 मध्ये तिथून काही मीटरवर ‘गदल्याहू, पशहूरचा मुलगा’ हा दुसरा. एकाच वाक्यातली दोन नावे एकाच टेकडीवर जवळजवळ मिळावीत, हा योगायोग मानणे कठीण आहे.

आणि बारूख? त्याचा शिक्का तर सर्वांत आधी गाजला होता. 1978 मध्ये पुरातत्त्वज्ञ नाहमान अविगाद यांनी एक शिक्का प्रसिद्ध केला: ‘बेरेख्याहू, नेरियाहूचा मुलगा, लेखनिक’. बारूख हे बेरेख्याहूचेच छोटे रूप, आणि पुस्तकातला बारूखही नेरियाचा मुलगा. नाव, बाप, व्यवसाय, सगळे बरोबर. नव्वदीच्या दशकात त्याच मजकुराचा दुसरा शिक्का एका खासगी संग्रहात पुढे आला, आणि त्याच्या कडेवर बोटाचा ठसाही होता. कितीतरी लोकांनी तो बारूखचाच ठसा मानला. ज्याने यिर्मयाची वचने उतरवली, त्या हाताची रेघ! श्रद्धाळू माणसाला हे वाचून काय वाटले असेल, हे समजण्यासारखे आहे.

पण हे दोन्ही शिक्के आले होते पुरावस्तूंच्या बाजारातून. कुठल्या थरातून निघाले, शेजारी काय होते, कुणी पाहिले, यांतले काहीच नोंदलेले नव्हते. 2014 मध्ये युवाल गोरेन आणि एरान आरी यांनी त्यांची बारकाईने तपासणी प्रसिद्ध केली आणि ते आधुनिक काळात बनवलेले आहेत असा निष्कर्ष काढला. मला या बाजाराचा राग येतो तो दोन कारणांनी. खोटी वस्तू खपते हे एक. आणि खरी वस्तूही मातीतून चोरून काढली की तिची निम्मी साक्ष तिथेच मरते, हे दुसरे. बारूख हा माणूस यामुळे खोटा ठरत नाही. त्याच्या नावावर घातलेला तो पुरावा तेवढा पारड्यातून काढून घ्यावा लागतो.

उत्खननातली वस्तूसुद्धा नेहमी निकाल देते असे नाही. यशया संदेष्ट्याबद्दल 2018 मध्ये बातमी आली. मझार यांच्याच उत्खननात, हिज्कीया राजाचा शिक्का मिळाला त्यापासून सुमारे तीन मीटरवर, ‘यशयाहू’ नावाचा फुटका शिक्का निघाला होता. खाली तीन अक्षरे: न, व, य. पुढे आलेफ हे अक्षर असते तर ‘संदेष्टा’ हा शब्द पुरा झाला असता. नेमकी ती कड तुटली आहे. ख्रिस्तोफर रोल्स्टन यांच्यासारखे लिपितज्ज्ञ म्हणतात की हे बापाचे किंवा घराण्याचे नावही असू शकते. खुद्द मझार यांनीही शीर्षकात प्रश्नचिन्ह ठेवले होते. ते प्रश्नचिन्ह बातम्यांत मात्र फारसे टिकले नाही.

यिर्मयाच्या पुस्तकातला मला सर्वांत वजनदार वाटणारा पुरावा एका बिनमहत्त्वाच्या नावाचा आहे. जेरुसलेम पडल्यावर बॅबिलोनचे सरदार वेशीत येऊन बसले, असे 39व्या अध्यायात आहे. त्यांत एक नबो-सर्सकीम, हुद्दा मुख्य खोजा. हिब्रू मजकुरात ही परकी नावे इतकी सलग आली आहेत की कुठले नाव कुठे संपते यावर भाषांतरकारांचे एकमत नव्हते. 2007 मध्ये मायकेल युर्सा ब्रिटिश म्युझियममधल्या पाट्या वाचत होते. एका छोट्या पाटीवर त्यांना इ.स.पू. 595 ची पावती दिसली: मुख्य खोजा नबू-शर्रुस्सु-उकीन याने बॅबिलोनच्या एसागिला मंदिराला दीड मिना, म्हणजे सुमारे पाऊण किलो, सोने पाठवले. तेच नाव, तोच हुद्दा. शेकडो वर्षांनी गोष्ट रचणाऱ्याला हे नाव कुठून सुचणार? आणि सुचले तरी घालायचे कशाला? कथेत त्याचे काही काम नाही. त्या दिवसांतल्या कुणाच्या तरी डोळ्यांची किंवा कानांची ही नोंद आहे.

एवढे सगळे असूनही खुद्द यिर्मयाचे नाव असलेला त्याच्या काळातला लेख आजवर मिळालेला नाही. 1935 मध्ये जेरुसलेमच्या नैऋत्येकडच्या लाखीश या जुन्या शहराच्या वेशीत खापरांवर शाईने लिहिलेली पत्रे मिळाली. त्यांतल्या एकात ‘संदेष्ट्याकडून’ आलेल्या आणि ‘सावध राहा’ म्हणणाऱ्या पत्राचा उल्लेख आहे. संदेष्ट्याचे नाव नाही. काहींनी तिथे यिर्मयाला बसवले. तसे करायला आधार नाही. लोक संदेष्ट्यांचे ऐकत होते आणि अधिकारी त्याची दखल घेत होते, एवढे त्या खापरातून निश्चित कळते.

शिवाय पुस्तकही एक नाही. जुने ग्रीक भाषांतर प्रचलित हिब्रू मजकुरापेक्षा सुमारे एक-सप्तमांशाने लहान आहे आणि त्यातला क्रमही वेगळा. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत त्या छोट्या पाठाशी जुळणारे हिब्रू तुकडे मिळाले, तेव्हा कळले की दोन्ही पाठ हिब्रूतच नांदत होते आणि मजकूर वाढत गेला होता. यावरून अभ्यासकांत टोकाचे मतभेद आहेत. 1986 या एकाच वर्षी रॉबर्ट कॅरल यांचे भाष्य आले, ज्यात ऐतिहासिक यिर्मया हाती लागणे जवळजवळ अशक्य मानले आहे. आणि विल्यम हॉलडे यांच्या भाष्याचा पहिला भागही आला, ज्यात वचनामागून वचन यिर्मयाच्या आयुष्यातल्या वर्षांना जोडले आहे. मला दोघेही अतिरेक करतात असे वाटते. वाढवलेल्या घरालाही जुना पाया असतो, पण प्रत्येक खोलीचे साल सांगता येत नाही.

यिर्मयाहून जुना संदेष्टा एलिया याच्या बाबतीत तर शिक्का नाही, पाटी नाही. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल समाजात मलिद्याच्या ताटापुढे एलियाहू हनाबीचे, म्हणजे संदेष्टा एलियाचे, स्मरण होते. अलिबागजवळच्या खंडाळे गावातल्या खडकावरची खूण त्याच्या येण्याची मानली जाते. इ.स.पू. नवव्या शतकातल्या इस्राएलबद्दल त्या खडकाला विचारू नये. समुद्रापलीकडे, आपल्या माणसांपासून तुटलेल्या एका समाजाने कुणाचा आधार धरून ठेवला, हे त्याच्याकडून नेमके कळते, आणि तोही इतिहासच आहे.

यिर्मयाच्या बाजूने मी शेवटी ज्या गोष्टींवर भरवसा ठेवतो, त्या पुस्तकाला गैरसोयीच्या आहेत. 34व्या अध्यायात तो सिद्कीयाला सांगतो की तू शांतीने मरशील. 52व्या अध्यायात सिद्कीयाच्या मुलांना त्याच्यासमोर मारतात, त्याचे डोळे काढतात, आणि तो मरेपर्यंत कैदेत राहतो. संदेष्ट्याला मोठे करायला बसलेल्या लेखकाने पहिले वचन कधीच पुसले असते.

विध्वंसानंतर उरलेले लोक यिर्मयाला इजिप्तमध्ये, तहपन्हेसला घेऊन गेले. 1886 मध्ये पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी तहपन्हेस मानल्या जाणाऱ्या तेल देफेन्ने इथे खोदकाम केले आणि किल्ल्यापुढे विटांचा मोठा ओटा पाहून, पुस्तकात यिर्मयाने फारोच्या वाड्याच्या दारापुढे दगड पुरले असे सांगितले आहे ती हीच जागा, असे मानले. ओटा खरा, त्याला यिर्मयाशी जोडणे पेट्रींचे. यिर्मयाच्या मृत्यूबद्दल पुस्तक काही सांगत नाही. त्याला दगडांनी मारले, ही कथा नंतरच्या परंपरेतली.

पुस्तकात इजिप्तमधला त्याचा एक वाद आहे. स्वर्गाची राणी म्हणवणाऱ्या देवीला धूप जाळू नका, असे तो सांगतो. त्यावर लोक, आणि विशेषतः बायका, तोंडावर उत्तर देतात: आम्ही तुझे ऐकणार नाही. आम्ही तिला धूप जाळत होतो तेव्हा पोटभर खात होतो. सोडले तेव्हापासून तलवार आणि दुष्काळ मागे लागला. यिर्मया त्यांना पुन्हा शाप देतो. त्यांचे म्हणणे बदलल्याचे 44व्या अध्यायात कुठे लिहिलेले नाही, आणि त्यांची बाजू त्यांच्याच शब्दांत, पूर्ण, ठेवलेली आहे.