शेवटच्या फेरीचा प्रश्न

श्रोतेहो, नमस्कार.

संसदेचं अधिवेशन सुरू झालं की लोकसभेचं कामकाज सकाळी अकराला प्रश्नोत्तराच्या तासानं सुरू होतं. बातम्यांमध्ये आपल्याला दिसतो तो बहुतेकदा गोंधळ. पण ज्या दिवशी हा तास नीट चालतो, त्या दिवशी मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि पाठोपाठ उपप्रश्नही झेलावे लागतात. या तासात बाईच्या प्रवासाबद्दल काय विचारलं जातं आणि काय विचारायचं राहून जातं, यावर आज मला तुमच्याशी बोलायचं आहे.

आधी थोडं कामकाजाबद्दल. प्रश्न मुख्यतः दोन प्रकारचे. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळतं, त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर येतं आणि विषय तिथंच थांबतो. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत वीस तारांकित प्रश्न असतात आणि २३० अतारांकित. कुणाचा प्रश्न यादीत वर येणार ते सोडतीनं ठरतं. त्या विसांपैकीही थोड्याच प्रश्नांना तासाभरात प्रत्यक्ष उत्तर मिळतं, बाकीच्यांची उत्तरं लेखी पटलावर जातात. राज्यसभेत हा तास २०१४ पासून दुपारी बाराला असतो. कोविडच्या काळात, २०२० च्या पावसाळी अधिवेशनात, प्रश्नोत्तराचा तासच रद्द झाला होता आणि फक्त लेखी उत्तरांवर भागवलं गेलं. समोरासमोर विचारता न येणं ही किती मोठी उणीव आहे, हे तेव्हा नीट कळलं.

प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याकडे आला तो १८९२ च्या इंडियन कौन्सिल्स कायद्यानं. पुढच्याच वर्षी, १६ फेब्रुवारी १८९३ रोजी, आताच्या उत्तर प्रदेशातल्या भिंग्याच्या राजांनी पहिला प्रश्न विचारला. दौऱ्यावर येणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांना शिधा-सामान पुरवताना गावोगावच्या दुकानदारांना होणाऱ्या जाचाबद्दल तो होता. म्हणजे आपल्या विधिमंडळांच्या इतिहासातला पहिलाच प्रश्न प्रवासाशी जोडलेला निघाला. प्रवास अधिकाऱ्यांचा आणि त्याची झळ दुसऱ्याच कुणाला. प्रवासाचा विचार कुणाच्या बाजूनं करायचा, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

आता बाईच्या प्रवासाकडे येऊ. पहिली अडचण अशी की हा विषय कुठल्या मंत्र्याचा, तेच पटकन ठरत नाही. लोकलमधला महिलांचा डबा रेल्वेमंत्र्यांकडे. बसमधलं पॅनिक बटण रस्ते वाहतूक मंत्र्यांकडे. निर्भया निधी महिला व बालविकास मंत्र्यांकडे. बसथांब्यावरचा दिवा नगरपालिकेकडे आणि एसटीची फेरी राज्याच्या परिवहन मंत्र्यांकडे. संसदेत मंत्रालयांचे पाच गट असतात आणि प्रत्येक गटाला आठवड्यातला एक दिवस. मंत्रालय वेगळं, तर बहुधा वारही वेगळा. घरातून निघून कामावर पोहोचेपर्यंतचा बाईचा रस्ता सलग असतो, सभागृहात मात्र त्याचे तुकडे होतात. आणि प्रश्न चुकीच्या दारात गेला की एका वाक्यात परत येतो: हा विषय राज्य शासनाच्या अखत्यारीत आहे.

पॅनिक बटणाचंच उदाहरण घेऊ. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत धावत्या बसमध्ये जे घडलं, त्यानंतर २०१३ च्या अर्थसंकल्पात एक हजार कोटी रुपयांचा निर्भया निधी जाहीर झाला. पुढे केंद्राच्या मोटार वाहन नियमांत तरतूद आली आणि १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या प्रवासी वाहनांना, म्हणजे बस आणि टॅक्सींना, वाहन कुठं आहे ते सांगणारं यंत्र आणि आणीबाणीचं बटण बंधनकारक झालं. रिक्षांना त्यातून सूट होती. तुम्ही बसमध्ये खिडक्यांच्या मधल्या पट्टीवर लाल बटण पाहिलं असेल, तेच हे.

यावर प्रश्न विचारले गेले नाहीत असं नाही. पण साचा ठरलेला: निधी किती मंजूर झाला, किती वितरित झाला, किती खर्च झाला, किती वाहनांत यंत्रं बसवली? उत्तराला राज्यवार तक्ता जोडलेला येतो. तो तक्ता हवाच, पैसा कुठं अडला ते त्यातून कळतं. पण बसमध्ये एकटी बसलेली बाई ते बटण दाबते तेव्हा नेमकं काय होतं? सूचना कुठल्या नियंत्रण कक्षात जाते? रात्री अकरा वाजता तिथं माणूस असतो का? तो आधी कुणाला फोन करतो, आगाराला की पोलिसांना? गेल्या वर्षभरात किती वेळा बटण दाबलं गेलं, त्यातल्या किती वेळा कुणी पोहोचलं आणि किती मिनिटांत? मंत्र्यांना हेच विचारायला हवं. बसवलेल्या बटणांची संख्या पुरवठादाराच्या बिलातही सापडेल. मदत पोहोचल्याचा आकडा सरकारकडेच असू शकतो, आणि तो नसेल तर तो नसणं हेच त्या दिवसाचं सर्वांत महत्त्वाचं उत्तर आहे.

दुसरं उदाहरण आपल्या एसटीचं. १७ मार्च २०२३ पासून महिला सन्मान योजनेत राज्यातल्या एसटी प्रवासात बायकांना निम्मं तिकीट आहे. मला ही योजना मनापासून महत्त्वाची वाटते. निम्म्या तिकिटामुळे माहेरी जाणं, दवाखान्यात जाणं, बाजारात भाजी घेऊन जाणं बाईच्या हातात आलं, कारण तेवढ्यासाठी घरात कुणाकडे पैसे मागायची वेळ कमी झाली. दिल्लीनं ऑक्टोबर २०१९ मध्ये, तमिळनाडूनं २०२१ मध्ये आणि कर्नाटकनं जून २०२३ मध्ये याहून पुढे जाऊन सार्वजनिक बसमध्ये बायकांचा प्रवास मोफतच केला.

पण सवलत तिकिटावर असते आणि तिकीट असतं गाडीत. गाडीच आली नाही तर निम्मं कशाचं? एसटीत भारमान नावाचा हिशेब असतो. गाडीच्या क्षमतेच्या मानानं किती प्रवासी मिळाले, तो. ज्या फेरीचं भारमान कमी, ती तोट्याची, आणि काटछाट करायची वेळ आली की आधी नजर तिच्यावर जाते. आता संध्याकाळची सातची गाडी पाहा. तिच्यात बसतात तालुक्याच्या कॉलेजातून परतणाऱ्या पाच-सहा मुली, एखादी नर्स, एखादी दुकानात कामाला जाणारी. आगाराच्या कागदावर ती रिकामी गाडी. त्या मुलींच्या घरी मात्र तीच गाडी म्हणजे शिक्षणाला मिळालेली परवानगी. फेरी बंद झाली की कुणी भांडत नाही, कुणी निवेदन देत नाही. पुढच्या वर्षी त्या मुलींची नावं कॉलेजच्या पटावर नसतात, इतकंच. मुलींच्या शाळेसाठी राज्याच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस गावोगाव धावतात, त्यामागे हीच जाण आहे. शाळेच्या वेळेनंतरच्या बाईचा विचार मात्र तिथं थांबतो.

म्हणून विधानसभेत परिवहन मंत्र्यांना सवलतीचा लाभ किती जणींनी घेतला एवढंच विचारून पुरत नाही. सवलतीची भरपाई शासनानं महामंडळाला वेळेवर दिली का, हे विचारायला हवं. कारण ती अडकली की टायर, दुरुस्ती आणि डिझेल यांवर ताण येतो आणि शेवटी फेऱ्याच तुटतात. आणि कुठल्या फेऱ्या बंद झाल्या, त्यांच्या वेळा काय होत्या, त्यात बायका किती होत्या, हेही.

इथं माहितीचाच प्रश्न उभा राहतो. लोक कामावर कशानं आणि किती लांब जातात, हे २०११ च्या जनगणनेत विचारलं गेलं. पण शेती आणि घरगुती उद्योगात काम करणाऱ्यांना तो प्रश्न लागू नव्हता. म्हणजे पहाटे डोक्यावर डबा घेऊन चार किलोमीटर चालत दुसऱ्या गावच्या शिवारात निंदणीला जाणारी बाई त्या तक्त्यात आलीच नाही. जीपच्या मागे दाटीवाटीनं उभ्या राहून कापूस वेचायला जाणाऱ्याही नाहीत. शिवाय दवाखाना, रेशन, मुलांची शाळा, सासऱ्यांचं पेन्शन यांसाठीची तिची ये-जा कामावर जाणं म्हणून कुठंच धरली जात नाही. केंद्राच्या २०१९ च्या वेळ वापर पाहणीत घरातलं बिनमोबदला काम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात असं दिसलं, पुरुषांचे ९७. इतका वेळ घरात देऊन उरलेल्या वेळात जिला बाहेर पडायचं आहे, तिला तासाला एक गाडी परवडत नाही. नव्या जनगणनेत या ये-जेची नोंद कशी होणार आणि शेतमजूर बायका तिच्यात येणार का, हे संसदेत विचारलं गेलं पाहिजे. एकदा तक्ते छापून झाले की पुढची कित्येक वर्षं त्यांच्याच आधारे योजना आखल्या जातात.

समानता फक्त प्रवासी बाईची नाही, गाडी चालवणाऱ्या बाईचीही आहे. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी १९८९ मध्ये रेल्वेत सहायक चालक म्हणून सुरुवात केली, आणि मार्च २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली. त्यांचे सत्कार झाले, व्हायलाच हवेत. पण इंजिनात स्वच्छतागृह नसण्याचा त्रास लोको पायलट बायकांनी वर्षानुवर्षं सोसला आहे. ज्या इंजिनात सोय नाही तिथं पाणी कमी पिऊन ड्युटी काढणं हा एकच मार्ग उरतो. किती इंजिनांत ही सोय झाली आणि उरलेल्यांत कधी होणार, हा रेल्वेमंत्र्यांना विचारण्याचा अगदी साधा प्रश्न आहे, आणि त्याला तारखेसकट उत्तर देता येतं.

वाहतूक आणि समानता हे दोन विषय एकाच व्यक्तीच्या हातून गेल्याचं उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. बार्बरा कॅसल १९६५ मध्ये तिथल्या पहिल्या महिला वाहतूक मंत्री झाल्या. त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, यावरून त्यांना खूप हिणवलं गेलं. त्यांनी मद्यपी चालकांची श्वास तपासणी आणली, आणि पुढे रोजगार मंत्री म्हणून १९७० चा समान वेतनाचा कायदा मंजूर करून घेतला. आजही तिथल्या कॉमन्स सभागृहात महिला आणि समानता या विषयावर मंत्र्यांना प्रश्न विचारायला वेगळा वेळ राखलेला असतो. आपल्याकडे तसा वेळ असावा, असं माझं स्पष्ट मत आहे. २०२४ मध्ये लोकसभेत ५४३ पैकी ७४ महिला निवडून आल्या. एक तृतीयांश जागांचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण त्याची अंमलबजावणी त्यातच जनगणनेला आणि मतदारसंघांच्या फेररचनेला जोडली गेली. तोवर हे प्रश्न पुरुष खासदारांनीही आपले म्हणून विचारायला हवेत.

बरं, उत्तर मिळालं की काम संपलं का? इथं फारसा कुणाला ठाऊक नसलेला एक भाग आहे. मंत्री जेव्हा म्हणतात की माहिती गोळा केली जात असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल, तेव्हा ते आश्वासन धरलं जातं. ते साधारण तीन महिन्यांत पुरं करावं लागतं आणि त्यावर नजर ठेवायला आश्वासन समिती असते. लोकसभेत ती १९५३ पासून आहे. म्हणजे टोलवाटोलवीचं वाटणारं ते वाक्य खरं तर पाठपुराव्याचा धागा असतो. पुढच्या अधिवेशनात तोच धागा पकडून विचारणारा सदस्य हवा, आणि त्याला त्याची आठवण करून देणारे मतदार हवेत.

मतदारांना हे सहज जमण्यासारखं आहे. लोकसभेतले प्रश्न आणि त्यांची उत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर खासदारांच्या नावानं शोधता येतात. आपल्या खासदारांनी पाच वर्षांत बस, रेल्वे, बायका यांबद्दल काय विचारलं, ते अर्ध्या तासात कळतं. महाविद्यालयांतल्या मुलींना मी हे काम आवर्जून सुचवेन. बचत गटाच्या बैठकीतही एकीनं मोबाइलवर वाचून दाखवावं. आणि मग प्रश्न आपणच तयार करून द्यावा. नियम साधे आहेत: प्रश्न छोटा हवा, त्यात मत मागायचं नाही, आरोप करायचे नाहीत, टोमणे मारायचे नाहीत. एसटीच्या फेरीबद्दल असेल तर तो आमदारांकडे द्यायचा. विधानसभेतल्या प्रश्नांचा एक ठरलेला घाट आहे, त्यात बसवून एक नमुना वाचते. कागद-पेन्सिल जवळ असेल तर उतरवून घ्या.

एक: अमुक आगारातून अमुक गावाकडे जाणारी सायंकाळी सहानंतरची एसटीची फेरी बंद करण्यात आली आहे, हे खरे आहे काय? दोन: असल्यास, फेरी बंद करण्यापूर्वी त्या फेरीने प्रवास करणाऱ्या महिला व विद्यार्थिनींची संख्या विचारात घेण्यात आली होती काय? तीन: असल्यास, ती संख्या किती होती व फेरी पूर्ववत सुरू करण्याबाबत कोणती कार्यवाही करण्यात आली वा येत आहे? चार: नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

आगाराचं, गावाचं नाव आणि गाडीची वेळ घाला, खाली जमतील तेवढ्या जणींच्या सह्या घ्या आणि अधिवेशनाच्या बरंच आधी आमदारांच्या कार्यालयात द्या. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची, तारखेसकट.

नमस्कार.