कायले जाऊन रायली वं एकटीच?

नमस्कार, जयभीम. आत्ता कोणी स्वयंपाकाला लागलं असेल, कोणी मिहानमधल्या कामावरून घराकडे निघालं असेल, कोणाच्या घरी पोरगी बाहेरदेशी जायचं म्हणून हट्ट धरून बसली असेल. त्या शेवटच्या घरासाठी मी खास बोलणार आहे.

मी २४ वर्षांची आहे. मागच्या जूनमध्ये पहिल्यांदा देशाबाहेर गेले, एकटीच गेले, श्रीलंकेला, आठ दिवस. घरी सांगितलं तेव्हा आई काही बोललीच नाही, बाबांनी खर्च विचारला आणि आजी म्हणाली, "कायले जाऊन रायली वं एकटीच?" पुढे हा प्रश्न मला जिथंतिथं भेटला, पण आजीला उत्तर देणं सगळ्यात सोपं होतं, कारण जायचं कारण तिनंच मला दिलं होतं.

दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष आपण नागपूरकर येताजाता बघतो. बौद्ध भिक्खू भदंत आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या बोधिवृक्षाच्या फांद्या आणल्या आणि त्यातून हे झाड इथं लागलं. बाबासाहेबांनी इथं धम्मदीक्षा दिली तेव्हा, १४ ऑक्टोबर १९५६ ला, आजी पाच वर्षांची असेल, तिच्या वडिलांच्या खांद्यावर बसून ती त्या गर्दीत होती. मी लहान असताना ती मला त्या झाडाखाली न्यायची आणि म्हणायची, याची माय समुद्रापल्याड हाय. मला ती माय बघायची होती, एवढंच.

मैत्रिणी म्हणाल्या दुबईला जा, बँकॉकला जा, फोटो छान येतात. तिकडे जाऊ नये असं मी म्हणत नाही. पण पहिल्यांदा एकटं जायचं असेल तर आपल्याकडे स्वतःचं एक कारण पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण तिसऱ्या दिवशी पाय दुखतात, घरची आठवण येते, जेवण गळ्याखाली उतरत नाही, तेव्हा ते कारणच आपल्याला पुढे नेतं, फोटो नेत नाहीत.

तयारीचं पटकन सांगते. ३६ पानांच्या साध्या पासपोर्टला १५०० रुपये फी, मग पोलीस व्हेरिफिकेशन. श्रीलंकेसाठी ईटीए म्हणून ऑनलाइन परवानगी काढावी लागते, ती तिथल्या सरकारच्याच साइटवरून काढा, हुबेहूब दिसणाऱ्या साइट्स खूप आहेत आणि त्या जास्तीचे पैसे घेतात. परतीचं तिकीट, राहायच्या जागेचं बुकिंग, पासपोर्टच्या झेरॉक्स आणि कोलंबोतल्या भारतीय उच्चायुक्तालयाचा नंबर हे सगळं कागदावर ठेवा, मोबाइल बंद पडू शकतो. घरच्यांशी रोज फोनची एक वेळ ठरवा, आमची रात्री ९ची होती, आणि घड्याळ बदलायची भानगड नाही, श्रीलंकेची वेळ आणि आपली एकच.

नागपूरहून रेल्वेनं चेन्नईला गेले, तिथून विमान. इमिग्रेशनच्या साहेबांनी पासपोर्ट उलटसुलट करून बघितला, अगदी कोरा होता, आणि विचारलं, एकटी? कशासाठी? मी म्हटलं, सर, एक झाड बघायला. त्यांनी परत विचारलं, मी परत तेच सांगितलं, दीक्षाभूमीचंही सांगितलं, मग त्यांनी परतीचं तिकीट बघितलं आणि शिक्का मारला. तो शिक्का मी किती वेळा उघडून बघितला काय सांगू.

विमान सव्वा तासात उतरलं. कोलंबो फोर्ट स्टेशनवरून दुसऱ्या दिवशी सकाळी अनुराधापूरची गाडी. ते पोसोनचे दिवस होते. पोसोन म्हणजे जूनची पौर्णिमा, सम्राट अशोकांचे पुत्र महिंद या पौर्णिमेला श्रीलंकेत धम्म घेऊन आले, अनुराधापूरजवळच्या मिहिंतलेच्या डोंगरावर तिथल्या राजाला भेटले, म्हणून सगळा देश त्या बाजूला निघतो. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती आणि सगळे पांढऱ्या कपड्यांत. स्टेशनच्या पाट्या सिंहली, तमिळ आणि इंग्रजीत. शेजारच्या मावशींनी विचारलं, इंडिया? मग स्वतःच म्हणाल्या, दंबदिव. जंबुद्वीप म्हणजे आपला देश, त्यांच्या तोंडी तो दंबदिव झालाय. त्यांनी मला शिकवलं, 'मगे नम' म्हणजे माझं नाव, 'गम' म्हणजे गाव, तीनला म्हणतात 'तुन'. हजारो मैलांवरची भाषा असेल असं वाटलं होतं, पण कान देऊन ऐकलं की ओळखीची निघते.

आता वाईट झालं तेही सांगते. ज्या गेस्ट हाउसचं बुकिंग होतं, पैसे भरलेले होते, तिथं पोचले तर खोली दुसऱ्याला दिलेली. पोसोनमुळे गावात एक खाट रिकामी नाही. संध्याकाळचे सात वाजलेले, बॅग पाठीवर, मोबाइलला १२ टक्के बॅटरी, रस्त्याच्या कडेला उभी राहून मी रडले. तेवढ्यात समोरच्या मांडवातून एका मुलानं भाताचं ताट आणून हातात दिलं. याला तिकडे दंसल म्हणतात, लोक वर्गणी काढून मांडव टाकतात आणि येईल त्याला फुकट जेवू घालतात. आणि मला एकदम आपला धम्मचक्र प्रवर्तन दिन आठवला, गावोगावहून लोक येतात, रस्त्यांवर जेवणाचे स्टॉल लागतात, आमच्या वस्तीतलेही पुरीभाजी वाटतात, मी स्वतः दरवर्षी वाढायला उभी असते. मी आत्तापर्यंत वाढणारी होते, त्या दिवशी पहिल्यांदा ताट घेणारी झाले. भूक किती लागली होती तेही तेव्हाच कळलं.

गाडीतल्या त्या मावशी तिथंच भेटल्या. त्यांनी मला यात्रेकरूंच्या विश्रामशाळेत नेलं, बायकांच्या बाजूला चटई टाकून दिली. त्या मला दुवा म्हणायच्या. सिंहलीत दुवा म्हणजे मुलगी, आणि आपल्याकडे दुवा म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे. नऊचा फोन मी साडेनऊला केला. आईला खोलीचं खरं सांगितलं, लपवलं नाही, आणि मावशींना फोन दिला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी चांगल्या पाच मिनिटं बोलल्या.

पहाटे झाडाकडे गेलो. चपला बाहेर, टोपी बाहेर, आणि बॅगांची कडक तपासणी, कारण १९८५ मध्ये इथं हल्ला होऊन यात्रेकरू मारले गेले होते. हातात कमळाची फुलं घेऊन लोक इतके हळू चालत होते की पावलांचा आवाज नाही. आवारात मोठमोठे पिंपळ आहेत, मी त्यातल्याच एकाला हात जोडले, तर मावशींनी माझी हनुवटी धरून वर वळवली. उंच ओट्यावर, सोनेरी कठड्याच्या आत, बारीकशा फांद्या, त्यांना सोनेरी टेकू दिलेले. बुद्धगयेच्या झाडाची फांदी अशोकांची मुलगी संघमित्रा इथं घेऊन आली, त्याला २२०० वर्षांहून जास्त झाली. तीही घर सोडून समुद्रापल्याड आलेली एक मुलगीच होती, हे तिथं उभं राहिल्यावर डोक्यात आलं.

झाडाला हात लावता येत नाही, पान तोडायचा तर प्रश्नच नाही. लोक खाली बसून पान गळायची वाट बघतात. मी दोन तास बसले. आजीनं सांगितलेलं म्हणत होते, बुद्धं सरणं गच्छामि, आणि आजूबाजूचे सगळे तेच म्हणत होते, त्याच चालीत नाही पण तेच शब्द. १९५० साली बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला आले होते ते आठवत होतं. पान माझ्याजवळ नाही पडलं.

नंतरचे दिवस कँडीत गेले, बुद्धांचा दात जपून ठेवलाय ते दंतमंदिर बघितलं, छान होतं, पण मनात झाडच होतं.

परत आल्यावर आजीला मोबाइलवर फोटो दाखवले. तिनं चष्मा लावून, बोटांनी मोठा करून, बराच वेळ बघितला. "लयच बारीक हाय वं ही माय," म्हणाली. मग दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी दीक्षाभूमीवर गेलो, ती झाडाखाली बसली आणि मला म्हणाली, पासपोर्टले काय काय कागद लागते?

६० वर्षांवरच्यांना साध्या पासपोर्टच्या फीमध्ये १० टक्के सूट आहे. तिच्या आधारवर जन्माचं साल एक आहे आणि पॅनवर दुसरं, शाळेचा दाखला गावाकडे आहे. मंगळवारी मी आणि बाबा तो आणायला जातोय.