फळ्यांच्या अलीकडे

(दृश्य: सकाळ. खारघरचा डोंगर अजून हिरवा. पायथ्याच्या मोकळ्या जागेत एकजण फक्कीने वाट आखतोय.)

पाम बीच रोडवर मी सहा वर्षं सायकल चालवतोय. वाशीहून बेलापूरपर्यंत लांबलचक, सपाट डांबर. तिथे पाय टेकला म्हणजे हरलो, असंच मी मानत आलो.

सप्टेंबर संपता संपता आम्ही पंधरा जणांनी इथे सायक्लोक्रॉसची, म्हणजे माती-चिखलातून सायकल पळवायची शर्यत लावली. हौशी, चाळीस मिनिटांची. या खेळात मुळात उतरावंच लागतं.

(दृश्य: मातीत रोवलेल्या दोन आडव्या फळ्या.)

खेळ मूळचा फ्रान्सचा. तिथली पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1902 साली झाली, पहिलं जागतिक अजिंक्यपद 1950 साली पॅरिसला. आज त्याचं खरं वेड बेल्जियममध्ये. ऐन थंडीत, चिखलात उभे राहून लोक शर्यत बघतात. माती, गवत, वाळू, उभे चढ, आणि वाटेत 40 सेंटिमीटरपर्यंत उंच फळ्या, बहुतेकांनी उतरून, सायकल उचलून, पळत ओलांडायच्या. आमच्या फळ्या सेंट्रिंगच्या, शेजारच्या बांधकामावरून मागून आणलेल्या.

शिट्टी वाजली आणि मी जीव तोडून सुटलो. पुढे वाट अरुंद होती, मागे अडकायचं नव्हतं. हिशेब बरोबर होता, पण दम पहिल्याच चढावर संपला. अजून पस्तीस मिनिटं बाकी होती.

(दृश्य: टायर, अगदी जवळून. खाचांत लाल माती.)

त्याहून मोठी चूक टायरमध्ये होती. रस्त्याच्या सवयीने 60 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरली होती. पावसाळ्यानंतरची चिकण माती वरून सुकलेली दिसते, आतून लोण्यासारखी असते. टणक टायर तिला धरतच नाही. प्रत्येक वळणावर मागचं चाक बाहेर जात होतं. तिसऱ्या फेरीत थांबलो, व्हॉल्व्ह दाबला आणि अंगठ्याने दाबून बघत हवा सोडली. दीड मिनिट गेलं, पण त्यानंतर सायकल वळणात टिकायला लागली. मात्र ट्यूब असेल तर फार खाली जाता येत नाही. दगड आणि रिम यांच्यात ती चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. आमच्यातल्या दोघांची शर्यत तिथेच संपली. आता मी 40 मिलिमीटर रुंद टायरला 35 पीएसआय ठेवतो. माझं वजन 70 किलो, तुमचा आकडा वेगळा असेल.

(दृश्य: संथ गतीत, फळ्यांजवळ येणारा एक स्वार.)

आता याचा पाय बघा. फळ्या अजून लांब आहेत, तरी उजवा पाय सीटवरून मागे येऊन डावीकडे आलाय. एकाच पेडलवर उभा राहून तो येतोय. चाक थांबायच्या आत जमिनीवर पाऊल पडतं आणि पळणं सुरू होतं. डावीकडूनच का? चेन आणि गिअर उजव्या बाजूला असतात, तिथे पाय अडकायला नको.

मी मात्र ब्रेक लावून, थांबून, मग उतरत होतो. प्रत्येक फेरीत दोनदा शून्यावरून सुरुवात. माझ्यापेक्षा चढावर हळू असलेली एक मुलगी मला फळ्यांपाशीच गाठायची आणि तिथेच मागे टाकायची. पायांत ताकद माझ्याकडे जास्त होती. वेग ती सांभाळत होती.

शेवटचा चढ कुणीच चालवू शकलं नाही. सगळ्यांनी सायकल खांद्यावर घेतली. माझी तेरा किलोची, वर चिखल. फ्रेमची नळी खांद्यात रुतली होती, पण त्या चढावर मी तिघांना मागे टाकलं, पळत.

(दृश्य: संध्याकाळ, सोसायटीचं पार्किंग. चार विटांवर एक फळी.)

आता रोज वीस वेळा. उजवा पाय मागून डावीकडे, पेडलवर उभं, पाऊल खाली, सायकल उचल. वॉचमनकाका खुर्ची ओढून बसतात आणि मोजतात.

"आत्ता थांबलास," ते सांगतात. "परत ये."