ढेबेवाडीची पाटी

श्रोतेहो, नमस्कार.

आज 8 सप्टेंबर, आंतरराष्ट्रीय साक्षरता दिन. युनेस्कोनं 1966 साली हा दिवस ठरवला आणि पुढच्या वर्षापासून तो जगभर पाळला जातो. मला बोलायला सांगितलंय ते मात्र आनंदावर. अडचणीतून वाट काढताना माणूस वाढतो, त्या वाढण्यातल्या आनंदावर. माझ्या मनात या दोन्ही गोष्टी एकत्रच येतात, कारण असा आनंद मी अगदी जवळून पाहिला तो माझ्या आत्याच्या चेहऱ्यावर. कराडच्या एसटी स्टँडवर.

आत्याचं गाव ढेबेवाडीच्या पुढं, वांग नदीच्या खोऱ्यात. शाळेची पायरी ती कधी चढली नव्हती. धाकटी भावंडं सांभाळण्यात लहानपण गेलं, मग लग्न, मग शेत आणि म्हसरं. महिन्याच्या दुधाचा हिशेब ती तोंडी करायची, एका रुपयाची चूक नाही. पण स्टँडवर आली की तिचा आवाजच बारीक व्हायचा. "ही गाडी कुठली वं?" असं दिसेल त्याला विचारत सुटायची. मामा होते तोवर निभावलं.

मामा गेल्यावर एकदा ती एकटीच कराडला डोळे दाखवायला आली. परतताना कुणीतरी सांगितलं, "हीच ढेबेवाडीची, बसा." ती बसली. गर्दीतून कंडक्टर तिच्यापर्यंत पोचला तेव्हा गाडी मल्हारपेठेजवळ आली होती. गाडी पाटणची! बिचारी उतरली, उलटी गाडी धरून कराडला आली, तोवर ढेबेवाडीची शेवटची गाडी गेलेली. रात्रभर स्टँडच्या बाकावर बसून राहिली. मांडीवर पिशवी, पिशवीत डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली. सकाळी घरी पोचल्यावर म्हणाली, "पाव्हण्यांकडं राहिले."

श्रोतेहो, हे पुन्हा सांगते. गाडी चुकली, हे तिनं घरात सांगितलं नाही. पाव्हण्यांकडं राहिले, असं सांगितलं. वाचता येत नाही ही अडचण होतीच, पण त्याची लाज अडचणीपेक्षा मोठी होती. लाज मोठी होती.

पंधरा-वीस दिवसांनी ती तिसरीतल्या नातीजवळ जाऊन बसली. म्हणाली, "मला ढेबेवाडी काढून दाव." नात म्हणे, आधी अ आ इ ई. आत्या म्हणे, मला अननस नको, मला माझी गाडी पायजे. शेवटी नातीनं पाटीवर मोठा ढ काढला. सून चुलीपाशी हसली, "सुरुवातच ढ पासनं?"

इथं जरा थांबते, कारण हा ढ माझा आवडता. अशोकाच्या शिलालेखांतल्या ब्राह्मी लिपीतला ढ पाहा, आपल्या ढ शी त्याची चटकन ओळख पटते. बाकीची अक्षरं काळाबरोबर बदलत गेली, हा होता तसाच राहिला, म्हणून मागं पडणाऱ्या पोराला ढ म्हणतात असं सांगतात. दोन हजारांहून जास्त वर्षं जे अक्षर टिकलं, त्याचं नाव आपण शिवीसारखं वापरतो. पोरांना ढ म्हणणं मला कधीच पटलेलं नाही. घरात म्हणत असाल तर आजपासून सोडा.

तर आत्याचा ढ. मी सुट्टीत गेले होते तेव्हा तो पाहिला. विळ्याची मूठ धरावी तशी ती पेन्सिल मुठीत धरायची. पेन्सिल कर्रकन वाजायची, मोडायची. ढ ला मात्रा, ब ला मात्रा, व ला काना, ड ला दुसरी वेलांटी. चुकलं की ओलं फडकं फिरवायचं, पाटी कोरी. मी तर म्हणते मोठ्या माणसाला वही देऊच नये. वहीत खाडाखोड दिसते, ती पाहून माणूस खचतो. पाटी चूक लक्षात ठेवत नाही.

दोन महिन्यांनी आम्ही दोघी कराडच्या स्टँडवर उभ्या होतो. गाडी आली. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं माझा हात दाबला. मान वर करून ती पाटीकडं बघत राहिली. ओठ हलत होते. "ढे... बे... वा..." मग एकदम मोठ्यानं, "ढेबेवाडी!" दोन-तीन माणसांनी वळून पाहिलं.

मी पाऊल उचललं, तर ही जागची हलेना. "जाऊ दे ही," म्हणाली. "मागनं यील दुसरी." आणि स्टँडवर येणाऱ्या प्रत्येक गाडीची पाटी वाचायला लागली. चिपळूणचा च तिला येत नव्हता, तो विचारला. पाटण मात्र एका दमात वाचलं, आणि वाचून हसली. दुसरी गाडी तासाभरानं आली. एवढा तास ती त्याच बाकापाशी उभी होती, बसली नाही.

कराडपासून फार लांब नाही, त्या देवराष्ट्र्याला 1862 साली रमाबाई रानडे जन्मल्या. 1873 मध्ये लग्न होऊन सासरी गेल्या तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पती न्यायमूर्ती रानडे शिकवायला तयार होते, पण घरातल्या बायकांची बोलणी खात त्यांनी अक्षरं गिरवली. पुढं पुण्याचं सेवासदन त्यांनी उभं केलं, आठवणींचं पुस्तक लिहिलं. आणि अलीकडं, 8 मार्च 2016 ला, ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी लुगडं नेसून, दप्तर घेऊन साठीच्या, सत्तरीच्या, ऐंशीच्याही आज्या तिथं आल्या. सगळ्यांना एकच गणवेश, मग कोण कुणाला हसणार? लाज घालवायची युक्ती ती हीच.

तुमच्या घरात, शेजारी कुणी असं असेल तर रोज दहा मिनिटं द्या. केंद्र सरकारचा उल्लास नावाचा साक्षरता कार्यक्रम आहे, पंधरा वर्षांवरच्या कुणालाही त्यात शिकता येतं. जवळच्या शाळेत विचारा. पण सुरुवात त्यांच्या शब्दापासून करा. त्यांच्या गावाचं नाव, त्यांचं स्वतःचं नाव, औषधाच्या बाटलीवरचं नाव. त्यांना हवा असलेला शब्द आधी. आणि हसू नका. आत्याची सून नंतर हसायची थांबली, रोज संध्याकाळी पाटीचं फडकं ओलं करून ठेवायला लागली.

आत्यानं पुढं घरातला एकेक कागद काढून वाचला. रेशनकार्डावर तिच्या नावातला एक काना गायब होता. किती वर्षं, कोण जाणे. कार्ड पदराखाली धरून ती कचेरीत गेली, आणि तिथल्या माणसाच्या टेबलावर बोट ठेवून म्हणाली, "हितं काना पायजे."

नमस्कार.