लकव्यानंतरचं बीपी : एका आकड्यावर जाऊ नका

मंडळी, घरात कुणाला लकवा झाला की बीपीचं मशीन येतं, आणि त्यासोबत धास्तीही येते. सकाळी १५८ आला की सगळे घाबरतात, संध्याकाळी ११६ आला की गोळी बंद होते. दोन्ही चूक.

दाब वरखाली झाला तरी निरोगी मेंदू रक्तवाहिन्या आकसून-रुंदावून रक्तपुरवठा सांभाळतो. लकव्यात इजा झालेल्या भागात ही ताकद उरत नाही. दाब पडला की तिथे रक्त कमी पडतं, फार चढला की सूज किंवा रक्तस्रावाची भीती. म्हणूनच गुठळीचा लकवा असेल आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलेलं नसेल, तर पहिले एक-दोन दिवस २२०/१२० पर्यंतचा दाब डॉक्टर सहसा मुद्दाम उतरवत नाहीत. नातेवाईक इथेच भांडतात. इंजेक्शन दिलं असेल तर मात्र २४ तास १८०/१०५ च्या आत ठेवावा लागतो. पुढे घरी स्थिरावल्यावर बहुतेकांना १३०/८० च्या खाली.

चढउतार जास्त असणाऱ्यांना पुन्हा झटका येण्याचा धोका जास्त दिसतो. चढउतार कमी केले की हातपाय लवकर चालू लागतात, असं मात्र अजून सिद्ध झालेलं नाही. तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

निम्मी गडबड मोजण्यातच असते. आधी लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीला. लकव्याचा हात ताठरलेला असेल तर आकडा फसवतो, म्हणून चांगल्या हातावरच मोजा. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा आणि वही डॉक्टरांना दाखवा. नाडी अनियमित लागत असेल तर तेही सांगा. ते आकड्यापेक्षा महत्त्वाचं ठरू शकतं.

आकडा वरखाली होण्याचं दुसरं कारण बीपीच्या गोळ्या. अ‍ॅम्लोडिपिन शरीरात बराच काळ टिकतं, एखादा डोस चुकला तरी दाब लगेच उसळत नाही. क्लोनिडीन अचानक सोडलं तर मात्र उसळी मारतो. राहिलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका. आकडा बघून निफेडिपिन जिभेखाली ठेवायची सवय तर मोडाच, दाब धाडकन कोसळतो. लकव्याचा खांदा दुखतो म्हणून मेडिकलमधून आणलेलं डायक्लोफेनॅकही दाब चढवतं, आणि हे कुणी डॉक्टरांना सांगत नाही. पापड-लोणच्याचं मीठही त्यात धरा. दिवसाला एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत हवं.

आपल्याकडे जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ च्या आसपास जातो. घाम वाहतो, लघवीची गोळी चालूच असते, आणि व्यायामाला उभं केलं की पेशंटच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी आधी बसून, मग उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर त्या दिवशी चालवू नका. पाय वर करून झोपवा आणि गोळीचं प्रमाण डॉक्टरांना फोन करून विचारा.