पेवात उतरण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीच्या पेवांवर उभा जन्म काढलेल्या एखाद्या म्हाताऱ्या हमालाला एक गोष्ट वाचून दाखवली, असं समजा. गोष्टीत वाक्य येतं : ‘त्याने पेवाच्या तोंडावरची फरशी बाजूला सारली आणि झरझर आत उतरला.’ म्हातारा हात वर करून वाचणाऱ्याला तिथंच थांबवील. म्हणेल, ‘मग मेलाच की त्यो!’

म्हाताऱ्याचं बरोबर आहे. पेव म्हणजे जमिनीत खोदलेली मडक्याच्या आकाराची कोठी. तोंड अरुंद, पोट मोठं. एकदा हळद भरून तोंड बंद केलं की हवा आत-बाहेर होत नाही, म्हणून तर किडीला तिथं जगता येत नाही आणि हळद टिकते. पण ज्या कारणानं कीड जगत नाही, त्याच कारणानं माणूसही जगत नाही. आत प्राणवायू कमी झालेला असतो आणि जड कार्बन डायऑक्साइड तळाशी साचून राहिलेला असतो. त्याला वास नाही, रंग नाही. म्हणून तोंड उघडून पेव बराच वेळ तसंच मोकळं ठेवायचं. मग दोरीला पेटता कंदील बांधून खाली सोडायचा. ज्योत मंदावली, विझली, तर अजून थांबायचं. ज्योत नीट जळत राहिली तरच माणूस उतरणार, तोही कमरेला दोर बांधून आणि वर दुसरा माणूस उभा ठेवून. एवढं करूनही कंदिलाची ज्योत म्हणजे शंभर टक्के खात्री नव्हे. म्हणून वरचा माणूस सगळ्यात महत्त्वाचा.

आता गोष्ट लिहिणाऱ्याचं नुकसान काय झालं बघा. एक चूक झाली, ती पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होईल, एवढ्यावर हे भागत नाही. त्याच्या हातून गोष्टच निसटली. पेव उघडून ठेवलंय, खाली उतरता येत नाही, चार माणसं काठावर बसून आहेत. त्या वेळात दराचं बोलणं निघतं, जुनी उधारी निघते, कुणाच्या पोरीचं लग्न ठरल्याचं कळतं. मग कंदील खाली जातो आणि सगळे बोलायचे थांबून एका ज्योतीकडे बघायला लागतात. कामानं लेखकाला हा सगळा प्रसंग आयता दिला होता. त्यानं ‘झरझर’ लिहून तो घालवला. याच हरिपुरानं मराठी रंगभूमीला नाटककार गोविंद बल्लाळ देवल दिले. प्रसंग कुठं थांबवायचा आणि कुठं सोडायचा, हे त्या मातीला कळत होतं.

सांगायचं आहे ते हे. ‘आम्ही दिवसभर राबणारी माणसं, आम्हाला साहित्यातलं काय कळतंय?’ असं कितीतरी जण म्हणतात. हे म्हणणं उलटं आहे. ज्याच्या हाताला एक काम पुरतं ठाऊक आहे, त्याच्यापाशी गोष्ट तपासायचं असं माप आहे, की जे नुसतं वाचत बसणाऱ्यापाशी नसतं. ते माप वापरायचं कसं, तेवढं मात्र ठरवून शिकावं लागतं.

कथा हातात घेतली की एकदा सरळ वाचून काढा. दुसऱ्यांदा वाचताना फक्त काम शोधा. माणूस पोटासाठी काय करतो? कामावर किती वाजता जातो, किती वाजता सुटतो? हातात कुठलं हत्यार आहे? त्या कामात बिघडतं काय, आणि बिघडलं की भुर्दंड कुणाला? चौथा प्रश्न सगळ्यात कामाचा. आपल्याकडच्या पुष्कळ कथांमध्ये कारकून ‘फायली चाळतो’, शेतकरी ‘आभाळाकडे बघतो’ आणि कामगार ‘घाम पुसतो’. यात काहीच बिघडू शकत नाही, म्हणून पुढं काही घडतही नाही. मग लेखकाला अपघात आणावा लागतो, नाहीतर दुर्धर आजार.

तासगावकडचं बेदाण्याचं शेड घ्या. अवकाळी पावसावरच्या कथेत हमखास येतं : रात्री पाऊस आला आणि सकाळी सगळं संपलं. शेडवर राबलेल्या माणसाला हे पटत नाही. द्राक्षं आधी द्रावणात बुडवतात. लिटरभर पाण्याला साधारण २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर डिपिंग ऑइल. त्यानं मण्यावरचा मेणासारखा थर सैल होतो आणि आतलं पाणी लवकर निघतं. मग घड जाळीच्या रॅकवर पसरायचे आणि सावलीत, वाऱ्यावर साधारण पंधरा दिवस वाळवायचे. चार किलो द्राक्षांचा किलोभर बेदाणा होतो. वर कागद असतो, बाजूला पडदे असतात, त्यामुळं एका सरीनं लगेच सगळं जात नाही. घात करते ती नंतरची दमट हवा. ऊन नाही, वारा पडलेला, माल वाळता वाळत नाही. हिरवा मणी आधी पिवळट पडतो, मग तपकिरी, मग काळपट. कुठं बुरशी धरते. आणि बाजारात दर तर रंगावर. म्हणजे दुःख एका रात्रीत कोसळत नाही, चार-पाच दिवस रॅकवर रोज थोडं थोडं रंग बदलत राहतं. सकाळी उठून पहिल्यांदा मूठभर मणी उचलून उजेडात धरायचे आणि काही न बोलता परत ठेवायचे. हे ज्या लेखकाला ठाऊक आहे, त्याला ‘उद्ध्वस्त’ हा शब्द लिहावाच लागत नाही.

सिनेमाचं प्रकरण थोडं निराळं आहे. लेखक ‘तो तंबोरा छेडू लागला’ असं लिहून सुटतो. सिनेमाला ती छेड दाखवावी लागते, आणि तिथं सतारी-तंबोरे घडवणाऱ्या मिरजेच्या माणसाला फसवणं अवघड. तंबोऱ्याच्या चार तारांत पहिली, पंचमाची तार मधल्या बोटानं वाजते आणि उरलेल्या तीन तर्जनीनं, एकामागून एक, घाई न करता. पडद्यावर पुष्कळदा काय दिसतं? नटी चारी तारांवरून एकाच बोटानं झरकन हात फिरवते आणि मागून मात्र संथ, भरलेला सूर ऐकू येतो. डोळा एक सांगतो, कान दुसरं सांगतो. सर्वसाधारण प्रेक्षकाला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण प्रसंगातून मन उडतं. आणि जवारीचं, म्हणजे तारेचा सूर खुलवण्याचं, तर विचारूच नका. तार आणि ती जिच्यावर टेकते त्या घोडीच्या मध्ये सुताचा बारीक धागा सरकवायचा. केसभर पुढं, केसभर मागं, परत तार छेडून ऐकायचं. धागा एका विशिष्ट जागी आला की बंद वाटणारी तार एकदम उघडते, तिच्यातून वरचे सूर झरायला लागतात. एवढी दृश्य आणि श्राव्य गोष्ट कॅमेऱ्याला दुसरीकडं कुठं मिळणार? मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण सतारमेकरांच्या दुकानात एक दुपार नीट बसून केलेलं चित्रण त्या मानांकनाइतकंच मोलाचं ठरेल, असं मला वाटतं.

सिनेमा बघताना एक साधी खूण लक्षात ठेवा. माणूस काम करताना दाखवला की त्याचा चेहरा आणि हात एकाच चौकटीत आहेत का ते बघायचं. चेहरा दिसतो, मग कट, मग नुसते हात, परत कट, परत चेहरा, असं चाललं असेल तर ते हात बहुधा दुसऱ्या कुणाचे तरी असतात. त्यात फसवणूक नाही, ती संकलनाची जुनी सोय आहे. पण चेहरा आणि हात एकत्र दिसतात, कट न होता दृश्य पंधरा-वीस सेकंद चालतं आणि हात चुकत नाही, तेव्हा समजायचं की नटानं त्या कामाला वेळ दिलाय. कुपवाडच्या कारखान्यात लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, उभ्या राहणाऱ्याला तर आणखी सोपं. लेथ चालू आहे आणि नटाच्या हातात मोजे आहेत, पूर्ण बाहीचा शर्ट मनगटापर्यंत सोडलेला आहे, असं दिसलं की संपलं. फिरत्या जॉबमध्ये, म्हणजे कातायला लावलेल्या तुकड्यात, कापड सापडलं तर हातासकट ओढलं जातं, म्हणून बाह्या वर दुमडायच्या आणि मोजे काढायचे, हा पहिल्या दिवसाचा धडा.

वेळेचा हिशेबही बघण्यासारखा आहे. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रं सरकतात. दोन तासांच्या सिनेमात ती १ लाख ७२ हजार ८०० होतात. तरी हळद शिजायला लागणारा पाऊण तास त्यात मावत नाही. दिग्दर्शक वाफ दाखवतो, कढईवरचं ओलं गोणपाट दाखवतो, आठ सेकंदांत पुढं जातो. ते योग्यच. पण थकवा दाखवायचा असेल तर वेळ कापून चालत नाही, तिथं प्रेक्षकाला थोडं ताटकळू द्यावं लागतं. कादंबरीला हा पेच पडत नाही. ती ‘तीन महिने’ दोन शब्दांत सांगते आणि एका क्षणावर चार पानं थांबते.

हा फरक समजून घ्यायला आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर, त्यांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची आणि अमोल पालेकरांनी त्यावर केलेला चित्रपट १९९५ चा. मध्ये चाळीस वर्षं. कादंबरी नव्यानं नोकरीला लागलेल्या मास्तरच्या ‘मी’तून सांगितलेली. मास्तरला जेवढं दिसलं तेवढंच आपल्याला. कॅमेरा मात्र मास्तरलाच बाहेरून दाखवतो. आधी पुस्तक वाचा, मग आठ-पंधरा दिवस जाऊ द्या, मग चित्रपट बघा. लागोपाठ बघितलं तर मन नुसतं काय गाळलं याची यादी करत बसतं. थोडे दिवस गेले की पुस्तकातलं जे टिकायचं ते टिकतं, आणि चित्रपटाला त्याचं माप लावता येतं.

आता वेळ कुठून आणायचा? हिशेब सोपा आहे. मिनिटाला दीडशे शब्द धरले तर वीस मिनिटांत तीन हजार शब्द, म्हणजे साधारण दहा पानं. दोनशे पानांची कादंबरी वीस दिवसांत होते, मधल्या आकाराची कथा एका बैठकीत. ही वीस मिनिटं रात्रपाळी संपवून घरी आल्यावर काढू नका. डोळे ओळीवरून फिरतात, डोक्यात काही शिरत नाही. पाळीला निघण्याआधी काढा. पुस्तक टेबलावर न ठेवता डब्याच्या पिशवीत ठेवा, पण प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. भाजीचं तेल पानाला लागलं की निघत नाही, आणि ग्रंथालयाचं पुस्तक असेल तर दंडही बसतो. सांगली-मिरज एसटीत वाचायला जाऊ नका. डोळा स्थिर अक्षर बघतो, कानातला तोल हलतो असं सांगतो, आणि त्या भांडणात मळमळ होते. स्टँडवर वाचा, गाडीत ऐका.

वाचन तुटतं ते बहुतेक तिसऱ्या-चौथ्या दिवशी. दोन दिवस ओव्हरटाइम लागतो, तिसऱ्या दिवशी पुस्तक उघडलं की ‘हा आप्पा कोण?’ असं होतं आणि ते बाजूला पडतं. त्याला उपाय म्हणजे खुणेचा कागद जरा मोठा घ्यायचा, त्यावर माणसांची नावं आणि नाती लिहीत जायचं. हळदीचे सौदे जोरात असतात त्या दिवसांत मोठी कादंबरी सुरूच करू नये. तेव्हा दिवाळी अंक काढावेत. दिवाळी अंक दिवाळीतच संपवायचा असा काही नियम नाही. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकानं ही प्रथा सुरू केली, तेव्हापासून मराठी घराला वर्षभर पुरेल इतकी कथा एका महिन्यात मिळत आली आहे. दोन अंक बाजूला काढून ठेवले तर फेब्रुवारी-मार्चची सोय होते.

वाचता वाचता कधीतरी लिहावंसं वाटतं. वाटलं तर मागं सरू नका. किर्लोस्करवाडीला १९१० मध्ये कारखाना उभा राहिला आणि १९२० मध्ये तिथूनच ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. कारखान्याच्या मालाची माहिती देणारं ते पत्रक वाढत वाढत मराठीतलं एक मोठं मासिक झालं. पुढं १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ त्याच घरातून आले. नांगराचे फाळ ओतणाऱ्या वस्तीतून मराठी कथा घराघरांत गेली.

सुरुवात दहा ओळींनी करा. आपल्या कामातली एकच कृती घ्यायची. वजनकाट्यावर पोतं चढवणं, इंजेक्शनसाठी शीर शोधणं, सात-बाराच्या उताऱ्यावर नोंद घालणं, काहीही. पहिल्या सहा ओळींत हात काय करतात ते क्रमानं लिहायचं. सातव्या-आठव्या ओळीत काय बिघडतं आणि कसं ओळखू येतं. शेवटच्या दोन ओळींत त्या वेळी शेजारी कोण उभं असतं. ‘कष्ट’, ‘घाम’, ‘नशीब’ हे शब्द या दहा ओळींत वापरायचे नाहीत. लिहून झालं की त्याच कामातल्या दुसऱ्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवायचं. तो जिथं अडवील तिथं खूण करा, आणि त्याला विचारा, ‘मग तिथं खरं काय होतं?’ तो सांगायला लागला की मध्ये बोलू नका.

नमस्कार.